माझी प्रतिक्रिया अर्धीच छापली

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात त्या अंतराळचाच्यांच्या कादंबरीवरच्या वाचक-प्रतिक्रियांचं पान आलं. एका लेखकाने स्वतःच छापलेल्या पुस्तकाला तुम्ही अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. एवढी जागा नावाजलेल्या लेखकांनाही हल्ली मिळत नाही. पण त्या पानावर माझंही नाव आहे आणि माझ्या नावाखाली जे छापलंय, ते माझं मत नाही. म्हणून हे पत्र.

मी लिहून पाठवलं होतं ते असं: ‘कप्तान बदलण्यासाठी होणाऱ्या मतदानाची दोन प्रकरणं रेंगाळतात. पण ती रेंगाळतात म्हणूनच कप्तानीण हरते तेव्हा वाचणाऱ्याचाही धीर सुटतो. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच.’ तुम्ही पहिलं वाक्य छापलंत आणि पुढची दोन गाळलीत. वर ते एकटं वाक्य ‘चाचे मतदान करतात? निव्वळ बालिश!’ अशा ठळक मथळ्याच्या चौकटीत टाकलंत. ज्या प्रकरणांसाठी मी हे पुस्तक मैत्रिणींच्या गळी उतरवलं, त्याच प्रकरणांविरुद्ध मी साक्ष दिल्यासारखं झालं. त्यांच्यापैकी एकीचा काल फोन आला: ‘तुलाच आवडलं नव्हतं, तर मला कशाला वाचायला लावलंस?’ तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. त्या लेखकाने ते वाचलं असेल, त्याला कोण समजावणार?

जागेअभावी मजकूर कमी करण्याचा अधिकार तुमच्याकडे असतो, हे मला मान्य आहे. परंतु मजकूर कमी करणं वेगळं आणि मत उलटं करणं वेगळं. जागा नव्हती तर माझी प्रतिक्रिया वगळायची होती. मला जराही वाईट वाटलं नसतं.

आता त्या मथळ्याविषयी. गुन्हेगारांची टोळी हात वर करून कप्तान निवडते आणि हात वर करूनच त्याला पाडते, हे वर्गातल्या मॉनिटरच्या निवडणुकीसारखं वाटतं, असं एका वाचकाचं म्हणणं. त्याला तसं वाटलं असेल. पण तुम्ही त्याचा मथळा केलात, तेव्हा त्यात तथ्य किती, हे तपासणं तुमचं काम होतं. लेखकाने ही पद्धत मनाने रचलेली नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिकवरच्या चाच्यांच्या जहाजांवर असंच चालायचं. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्यांच्या कप्तानाच्या जहाजावरची नियमांची कलमं १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात दिलेली आहेत. पहिलंच कलम सांगतं की महत्त्वाच्या कामकाजात प्रत्येकाला मत आहे. लुटीत कप्तानाचे आणि क्वार्टरमास्टरचे, म्हणजे त्याच्या खालोखालच्या अधिकाऱ्याचे, दोन-दोन वाटे, तोफांच्या प्रमुखाला दीड. साध्या खलाशाचा एक वाटा धरला, तर कप्तानाला त्याच्या फक्त दुप्पट. हात किंवा पाय गमावणाऱ्याला सामायिक निधीतून भरपाई. पाठलाग किंवा लढाई चालू असेपर्यंत कप्तानाचा शब्द अखेरचा. एरवी बहुमताने त्याला उतरवता यायचं. ही माणसं क्रूर होती, यात वाद नाही. परंतु त्यांच्यातले पुष्कळजण व्यापारी जहाजांवर कप्तानाचे फटके खात राबलेले होते. तसा कप्तान पुन्हा डोक्यावर बसू नये, यासाठी त्यांनी हे नियम करून घेतले.

कादंबरीतली कप्तानीण याच नियमाने पडते. लढाईपुरता मिळालेला अधिकार तिने लढाई संपल्यावरही सोडला नाही, हा तिच्यावरचा आरोप, आणि तो खरा आहे. ती बचावाचा एक शब्द बोलत नाही. ज्या जखमी यंत्रज्ञाला तिने भरपाई वाढवून दिलेली असते, तो आधी खाली बघतो, मग उरलेला एक हात वर करतो. तिथे मी पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते. तिची माणसं तिच्यावर प्रेम करतात आणि तरीही तिला पाडतात. हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटायला लावणं सोपं नाही. त्यासाठी लेखकाने दोन प्रकरणं घेतली, कुणाकुणाचं मन कसं फिरतं ते सावकाश दाखवलं. घाई केली असती तर त्या हाताला काही किंमत उरली नसती. माझ्या गाळलेल्या वाक्यांत हेच होतं.

‘विज्ञानाच्या चुका’ म्हणून जी चौकट छापलीत, तिचंही तेच. लघुग्रहांच्या पट्ट्यात पाठलाग चालतो आणि एकही दगड आडवा येत नाही, म्हणून एक वाचक नाराज आहेत. तो पट्टा खरोखरच तसा विरळ आहे. तिथल्या सगळ्या लघुग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केही भरत नाही, आणि ते कोट्यवधी किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेलं आहे. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये त्यातून पार झालं, ते सुखरूप. आडोसा नाही आणि यानातून बाहेर पडणारी उष्णता त्या थंड पोकळीत दुरूनही टिपता येते, तेव्हा लपून बसायचं कुठे? म्हणूनच या कादंबरीतले चाचे लपत नाहीत, मालवाहू जहाजाचं सोंग घेऊन जवळ जातात. समुद्रावरचे चाचेसुद्धा खोटं निशाण लावून हेच करायचे. लेखकाने दोन्हींचा अभ्यास केलाय, हे ओळीओळीत दिसतं.

दुसरी तक्रार त्या पोराच्या उडीची. शिरस्त्राण नसताना तो एका जहाजाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो. ‘शरीर फुटून चिंधड्या उडाल्या असत्या,’ असं छापलंय. तसं होत नाही. १९६६ साली नासाच्या ह्यूस्टनमधल्या निर्वात कक्षात अंतराळपोशाखाची चाचणी चालू असताना जिम लब्लँक यांच्या पोशाखाची हवेची नळी निसटली. सुमारे चौदा सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. कक्षात लगेच हवा सोडली गेली आणि ते वाचले. शुद्ध जाण्याआधी जिभेवरची लाळ उकळताना जाणवली, असं त्यांनी नंतर सांगितलं. कादंबरीतल्या पोराच्या हाती दहा सेकंद आहेत आणि त्याच्या जिभेवरही तेच होतं. तुमच्या विज्ञानाच्या पानाचं काम पाहणाऱ्या कुणालाही विचारलं असतंत, तरी ही चौकट छापली गेली नसती.

मुद्रणदोष आहेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, एके ठिकाणी परिच्छेद दोनदा आलाय, आणि त्यावर बोललेल्या वाचकांशी मी सहमत आहे. परंतु ‘प्रकाशक मिळाला नाही यातच सगळं आलं’ हे वाक्य मला झोंबलं. अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून मांडली, वाचकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्या, २०११ मध्ये स्वतःच ई-पुस्तक काढलं. मोठ्या प्रकाशनसंस्थेची आवृत्ती आली ती २०१४ मध्ये. मधल्या काळात ती कादंबरी वाईट होती आणि मग एकाएकी चांगली झाली, असं कुणी म्हणेल का? वाचकांनी चुका दाखवाव्यात, जरूर दाखवाव्यात, पण पान क्रमांकासह, म्हणजे पुढच्या छपाईत त्या निघतील. तीस पानांवर पुस्तक सोडल्याचं स्वतःच सांगून अख्ख्या पुस्तकाला निकालात काढणारी प्रतिक्रिया तुम्ही सगळ्यात वर का छापलीत, ते मला कळलेलं नाही.

हे सगळं मी लिहितेय, कारण लेखक लिहू शकत नाही. प्रतिक्रियांना त्याने उत्तर दिलं, तर टीका सहन होत नाही म्हणतील. मोठ्या पुस्तकामागे जाहिरात असते, समारंभ असतात, बाजू घेणारे समीक्षक असतात. याच्या मागे वाचकांच्या तोंडून तोंडी फिरणाऱ्या शब्दाशिवाय काही नाही, आणि काल तोच तुमच्या पानावर मोडला गेला.

आणखी एक. उजवीकडच्या शेवटच्या प्रतिक्रियेत फितूर कोण, ते सरळ नाव घेऊन सांगितलंय. साहसकथेचा शेवट असा फोडायचा? माझ्या भाच्याचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. काल त्याने ते कपाटात ठेवून दिलं आणि आता नको म्हणतोय. उरलेल्या प्रतिक्रिया पुढच्या रविवारी येतील, असं पानाच्या तळाशी म्हटलं आहे. त्या छापण्याआधी कुणीतरी पुस्तक वाचलेल्या माणसाच्या नजरेखालून घाला, आणि माझी गाळलेली दोन वाक्यं त्याच पानावर, माझ्या नावासह छापा.

आपली,
एक नियमित वाचक