चढ चढणारी लिफ्ट उतारावर काम करत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम जवळ आला की सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत पत्रे बदलणे, रंगकाम, वेल्डिंग यांची एकच घाई उडते. पूर्वी परांची बांधायचे, आता भाड्याची बूम लिफ्ट येते, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या (बूमच्या) टोकावरच्या बास्केटमध्ये माणसांना वर नेणारे चाकांवरचे मशीन, आणि ते चांगलेच आहे. पण परतीचा पाऊस नुकताच ओसरलेला असतो. आपली काळी माती वरून वाळलेली दिसली तरी खाली लोण्यासारखी असते.

घोटाळा होतो तो एका आकड्यामुळे. खडबडीत जमिनीवरच्या फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) लिफ्टच्या माहितीपत्रकात 40-45 टक्के चढ चढण्याची क्षमता छापलेली असते. 45 टक्के म्हणजे सुमारे 24 अंश. पण ही क्षमता बूम पूर्ण खाली घेऊन मशीन चालवत नेण्यापुरतीच आहे. बूम वर करायची तर बऱ्याच मशीनमध्ये 5 अंशांच्या आसपास कल झाला की अलार्म वाजतो. तेवढ्या कलानेही 18 मीटरवरची बास्केट दीड मीटर बाजूला सरकते.

मिरज रस्त्यालगतच्या एका साईटवर या अलार्मच्या बझरवर चिकटपट्टी मारलेली मी पाहिली. सारखा वाजतो, काम होत नाही, असे ठेकेदाराचे म्हणणे. वर दोन पोरे उभी होती. ते पाहून अंगावर काटा आला.

शिवाय अलार्मला कळतो तो आत्ताचा कल. चाकाखाली गेल्या महिन्यात बुजवलेला पाइपचा चर आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून मशीन यायच्या आधी जागा पायी फिरून पाहावी, चर आणि टाक्या कुठे आहेत हे कारखान्यातल्या जुन्या माणसाला विचारावे, शंका आली तिथे पहार खुपसून बघावी. पहार सहज आत गेली तर मुरूम टाकून, दाबून, वर लोखंडी प्लेटा अंथरल्याशिवाय चाक पुढे नेऊ नये.

चाक वीतभर खड्ड्यात आदळले तरी बूमचे टोक असा हिसका देते की माणूस बाहेर फेकला जातो. सेफ्टी बेल्टचा आखूड दोर बास्केटमधल्या कडीलाच अडकवावा, शेजारच्या खांबाला कधीही नाही. वारा ताशी 45 किलोमीटरच्या वर गेला की काम थांबवायचे, ही बाहेरच्या कामाच्या बहुतेक मशीनची मर्यादा आहे. पत्रा हातात असेल तर त्याच्या कितीतरी आधी थांबावे.

खालच्या पॅनलवरून बास्केट उतरवता येणारा माणूस जमिनीवर हवाच. बहुतेक ठिकाणी तो चहा आणायला गेलेला असतो.

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने जागा स्वतः पाहून सही केल्याशिवाय लिफ्ट गेटच्या आत घेऊ नये. आणि लिफ्ट भाड्याने देणाऱ्यांना विनंती, जमीन तयार करायला लागणारे तास भाड्यात धरू नका. सगळी घाई त्या मीटरमुळेच होते.

आपला,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)