सोन्याच्या गावात पत्र्याची खोली

महोदय,
पेरूतील ला रिंकोनादा हे सोन्याच्या खाणींचे गाव सुमारे ५,१०० मीटर उंचीवर आहे. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा. कामगार राहतात पत्र्याच्या खोल्यांत; सांडपाण्याची सोय नाही, त्यामुळे घाण गल्लीतच साचते. ‘काचोरेओ’ पद्धतीत महिनाभर बिनपगारी राबायचे, मग एखाद्या दिवशी खणून निघेल तो दगड आपला! त्यात सोने नसेल तर नशिबाला बोल लावायचा. अशा कमाईवर पक्के घर कोण बांधणार? डोंगरावर सोयी होत नाहीत, ही सबब पटत नाही. चिलीतील सेवेल या तांब्याच्या खाणीच्या गावात (उंची निम्म्याहून कमी, हे मान्य) कंपनीनेच गेल्या शतकात उभ्या उतारावर घरे, शाळा, रुग्णालय उभारले होते. खाणीचा परवाना देतानाच घर आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेची अट का घालू नये?

– एक वाचक