दादाचं स्थळ, रक्तगट आणि माझी परीक्षा

तीर्थरूप आई-बाबांस आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं पत्र शांतपणे वाचाल. नोकरी शाबूत आहे. कुणी काढलेलं नाही, काढायच्या बेतातही नाही, आणि मी ती सोडून पुन्हा कॉलेजात जाऊन बसलेय असंही नाही. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी अभ्यास, एवढाच फरक पडलाय. फोनवर हे सांगायला गेले की आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहून पाठवतेय. जेवते. तब्येत ठणठणीत आहे. बाकी माझा दिनक्रम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, तो लिहीत नाही.

कोर्स आनुवंशिकीचा आहे, म्हणजे जेनेटिक्सचा. कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं घेतात तो, पण ऑनलाइन. वर्गातली बहुतेक मुलं माझ्यापेक्षा बरीच लहान आहेत, त्याचं मला काही वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. आमच्याकडे हॉस्पिटलांच्या आणि लॅबच्या डेटावर चालणारं काम वाढतंय, आणि त्या बाजूला सरकायचं तर हा विषय पास असल्याचा कागद लागतो. बाबा म्हणाले, यूट्यूबवर फुकट मिळत असताना फी कशाला भरायची. बरोबर आहे. पण फुकटच्या व्हिडिओनंतर कुणी आपली गणितं तपासत नाही, आणि कागदही देत नाही. शिवाय व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. गणित समोर आलं की पेन जागच्या जागी थांबतं.

हो, गणितच. नावाला जीवशास्त्र, आतून सगळी आकडेमोड. बाबा, तुम्हाला आवडेल. आनुवंशिकीचे नियम पहिल्यांदा शोधणाऱ्या मेंडेलच्या एका प्रयोगात गोल वाटाणे आले 5474 आणि सुरकुतलेले 1850. भागून बघा, बरोबर तीन येत नाहीत, 2.96 येतात. तरी त्याने तीनास एक हाच नियम धरला. आम्हाला तेवढ्यावर सोडत नाहीत. आलेला फरक नशिबाचा आहे की मुळात नियमच चुकलाय, हे काय-स्क्वेअर नावाची संख्याशास्त्रातली चाचणी काढून ठरवायचं. असे दोनच प्रकार असतील तर उत्तर 3.84 च्या आत यायला हवं, मग नियम टिकला. मेंडेलने हे 1866 साली छापलं आणि 1900 पर्यंत कुणी त्याची धड दखल घेतली नाही, तोवर तो वारलाही होता. शिक्षक व्हायच्या परीक्षेतही तो नापास झाला होता. आईने तेवढं वाक्य जपून ठेवावं, माझा निकाल लागेल तेव्हा उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो तीन जनुकांच्या संकराने. संततीचे आठ प्रकार आणि प्रत्येकाची संख्या दिलेली असते, आणि तेवढ्यावरून गुणसूत्रावर कोणतं जनुक मधे बसलंय ते शोधायचं असतं. एकदा कळलं की मजा येते. सर्वांत मोठ्या दोन संख्या म्हणजे आईबापांच्या वळणावर गेलेले. सर्वांत लहान दोन म्हणजे ज्यांच्यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोन ठिकाणी अदलाबदल झाली ते, कारण तसं क्वचितच घडतं. हे दोन्ही गट शेजारी शेजारी लिहायचे. जो एकच गुण उलटा झालेला दिसेल, त्याचं जनुक मधलं. 1911 साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोराला या अदलाबदलीवरून अंतर मोजता येईल असं सुचलं. त्याने फळांवरच्या माशांवर प्रयोग करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेतले आकडे घरी नेले, गृहपाठ बाजूला सारला आणि एका रात्रीत जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. दादाने कॉलेजात असताना गृहपाठ बाजूला सारून काय काय केलं ते मी इथे लिहीत नाही.

आई, मी घरात माशा पाळलेल्या नाहीत. त्या फळांवरच्या बारक्या माशा असतात आणि आमच्या तर फक्त स्क्रीनवर. लाल डोळ्यांची मादी, पांढऱ्या डोळ्यांचा नर, एक बटण दाबलं की पुढची पिढी हजर. खऱ्या माशांना त्यासाठी दहाएक दिवस लागतात. खऱ्या प्रयोगशाळेतली मुलं त्या बेशुद्ध करून भिंगाखाली मोजतात, निम्म्या उडून जातात, आणि आकडे असे सुबक कधीच येत नाहीत. ऑनलाइन कोर्समध्ये नेमकं तेवढंच शिकायचं राहतं, असं माझं मत आहे.

आणि बाबा, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे फळीवर जी बाटली दिसली ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलची आहे. पिण्याचं नाही, प्यायलं तर हॉस्पिटलात जावं लागेल. ते घरी करायच्या एकमेव प्रयोगासाठी आणलं होतं. पिकलेली स्ट्रॉबेरी पिशवीत कुस्करायची, त्यात भांड्याचा साबण आणि मीठ घातलेलं पाणी ओतायचं, गाळून घ्यायचं आणि वरून बर्फात गार केलेलं हे अल्कोहोल ग्लासच्या कडेने हळूच सोडायचं. साबणाने पेशींची आवरणं फुटतात, मिठाने डीएनए एकत्र यायला मदत होते, आणि अल्कोहोलमध्ये तो विरघळत नाही. दोन थरांच्या मधे ढगाळ, पिंजलेल्या कापसासारखे धागे वर यायला लागतात. काडीला गुंडाळून उचलले, तर चिकट तार लोंबते. मी ती बराच वेळ उजेडात धरून बसले होते. तुम्ही फोन केलात तो तेव्हाच, म्हणून मी अर्धवट बोलत होते. तुम्हाला वाटलं तसं काही नव्हतं.

आता परीक्षेचं. त्या दिवशी माझा फोन बंद लागला म्हणून आईने माझ्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावले. त्या अजून मला चिडवतात. फोन बंद का होता ते नीट सांगते, कारण हा प्रकार स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. घरातच, आपल्या लॅपटॉपवर पेपर द्यायचा. पण सुरू होण्याआधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायची: चारी भिंती, छत, टेबलावर काय आहे, टेबलाखाली काय आहे, खुर्चीची पाठ. केस कानामागे घेऊन दोन्ही कान दाखवायचे, आत काही खोचलेलं नाही म्हणून. बाह्या वर करून मनगटं दाखवायची. फोन बंद करून लांब ठेवायचा, आणि तो लांब ठेवलाय हेही दाखवायचं. दार लावायचं. पेपर चालू असताना कुणी आत आलं तर नोंद. नजर स्क्रीनवरून फार वेळ हलली तर नोंद. ओठ हलले तरी नोंद! बाबांनी मला पाढे मोठ्याने म्हणत गुणाकार करायला शिकवला, तो तोंड मिटून येतच नाही. मी सबंध पेपर ओठ दाबून सोडवला.

आणि गंमत पुढेच आहे. एवढी झडती घेणारे हेच लोक आपल्या हाताने लिहिलेला एक कागद जवळ ठेवू देतात, पाठपोट भरलेला. सूत्रं, व्याख्या, सोडवलेली उदाहरणं, काय हवं ते त्यावर लिहा. पाठांतराला इथे काडीची किंमत नाही. माझ्या कानांवर विश्वास नाही, पण कॉपी मी घरून लिहून आणायची, तीही बारीक अक्षरात! तो कागद तयार करण्यात माझा निम्मा अभ्यास झाला, आणि पेपरात मी त्याच्याकडे फारसं पाहिलंही नाही. त्यांचा हेतूच तो असावा. असो. पुन्हा कधी माझा फोन बंद लागला तर आधी परीक्षेची तारीख बघा, मग मैत्रिणी.

आता तुमच्या काळजीचा विषय. दादा म्हणाला, त्याचा आणि स्थळ आलेल्या मुलीचा, दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे आणि एकाच रक्तगटात लग्न नको असं आत्याचं म्हणणं आहे, म्हणून आई अडून बसलीय. आई, तसं काहीही नाही. नवराबायकोचा रक्तगट एकच असल्याने त्यांना किंवा मुलांना कसलाही त्रास होत नाही. गट एक म्हणजे रक्ताचं नातंही नव्हे. नवव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्याची ए, बी, ओ अशी रूपं, त्यांतली दोन प्रत्येकाच्या वाट्याला येतात. दोघंही ओ असले की मुलंही ओ. आत्याने ऐकलंय ते बहुधा आरएचचं, म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं. आई निगेटिव्ह आणि बाळ बापावर जाऊन पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढच्या खेपेच्या बाळाला धोका असतो. म्हणजे तिथेसुद्धा अडचण गट वेगळे असण्याची आहे, सारखे असण्याची नाही. त्यावरही अँटी-डी इंजेक्शन आहे, गरोदरपणात 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. इथे मुलगी पॉझिटिव्हच आहे. तेव्हा एवढ्या कारणावरून चांगली मुलगी नाकारू नका.

याच धड्यात पुढे बाँबे ब्लड ग्रुप आला. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इतर काही जणांबरोबर 1952 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो पहिल्यांदा मांडला. ए आणि बी ज्याच्यावर तयार होतात तो एच नावाचा पायाच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. मग अंगात जनुक ए चं असो की बी चं, साध्या तपासणीत रक्त ओ दिसतं, पण ओ रक्त त्यांना चालत नाही, त्यांच्याच गटाचं लागतं. एका जनुकाने दुसऱ्याला झाकून टाकण्याचं हे ठरलेलं उदाहरण आहे, जगभर शिकवतात. लेक्चरमध्ये बाईंनी "देशपांडे" असं काहीतरी अडखळत म्हटलं आणि मी व्हिडिओ मागे नेऊन परत ऐकला. खोलीत दुसरं कुणी असतं तर त्यालाही ऐकवला असता.

तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया तपासा, तो आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. एक जण वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक एकच असलेला, असला तर बिघडत नाही, त्याला स्वतःलाही सहसा काही जाणवत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि ती दरवेळी नव्याने. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. साध्या रक्ततपासणीत अंदाज येतो आणि हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीत कळतं. पण मुलीकडच्यांना आधी काही सांगू नका. दादाची करा. तो वाहक नसेल तर त्यांना विचारायची वेळच येणार नाही. आपल्याकडे पहिली शंका नेहमी मुलीवरच का घेतली जाते, हे बाबांनी आत्याला विचारावं. मी विचारलं की ती रागावते.

आणखी एक, आजीसाठी. जीभ दुमडता येणं हे एकाच जनुकाचं काम नाही. शाळेत मीही तसंच शिकले होते, पण अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाची दुमडते आणि दुसऱ्याची नाही. त्यामुळे माझी जीभ नक्की कोणत्या घराण्यावर गेली हा वाद आता मिटवावा.

साखरपुडा ज्या आठवड्यात धरताय त्याच आठवड्यात माझी शेवटची परीक्षा आहे. बाबा म्हणतील, ऑनलाइनच आहे ना, मग इथून दे. बाबा, आपल्या घरात साखरपुड्याच्या आठवड्यात दार लावून घेता येईल अशी एक रिकामी खोली दाखवा. भिंतीपासून टेबलाखालपर्यंत सगळीकडे पाहुणे आणि त्यांच्या बॅगा निघतील. रजाही थोडीच उरलीय, ती लग्नासाठी ठेवते. लग्नाला येणार, ते नक्की. तारीख काढाल तेव्हा आधी मला विचारा, एवढंच. दादाला मी फोनवर सांगितलं, तो "ठीक आहे" म्हणाला, पण त्याचं "ठीक आहे" मला चांगलं कळतं. आई, तू त्याच्याशी बोल. त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून फोन कुठेतरी उभा करून ठेवा, माझ्याशी कुणी बोललं नाही तरी चालेल.

या महिन्यात पैसे कमी आले असतील. फी एकदम भरावी लागली. पुढच्या महिन्यापासून नेहमीसारखे पाठवते, आणि लग्नाचं माझ्या वाटणीचं वेगळं काढून ठेवलंय, त्याला हात लावलेला नाही. एफडी मोडू नका. कर्ज तर अजिबात नको. आजीच्या गोळ्यांत काटकसर चाललीय असं मला कळलंय, कुणाकडून ते विचारू नका, ती ताबडतोब थांबवा.

माझ्या स्थळांचं म्हणाल तर फोटो पाठवा, मी बघते. नाही म्हणत नाही. फक्त परीक्षा होईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका, आणि "मुलगी अजून शिकतेय" असं तर मुळीच सांगू नका, नोकरी करते म्हणा.

आजीस नमस्कार, दादाला जे काय लागू पडेल ते.

तुमची,
धाकटी

ता. क. हे पत्र आत्याच्या हाती देऊ नका. रक्तगटाचं तेवढं बाबांनी आपल्या शब्दांत सांगावं, आणि डॉक्टरांनी सांगितलं असं म्हणावं.