ओमच्या चालीनं सिंगापूर

टिळकवाडी, बेळगाव

चि. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सिंगापूरच्या सहलीचा तक्ता मिळाला. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि पेन घेऊन बसलो. तुझी आई म्हणते, पोरगी एवढ्या मायेनं नेतेय तर गप जावं, खोड्या काढत बसू नये. पण जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातात तू टाईमटेबल दिलंस, मग तो तपासणारच की.

तक्त्यात रनिंग टाईम सगळीकडं आहे, हॉल्ट मात्र कुठंच नाही. मंडाईचा, म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या बागांचा, दिवसच बघ. सकाळी नऊला झू, दुपारी रिव्हर वंडर्स, रात्री नाइट सफारी. तिन्ही शेजारीशेजारी आहेत, तिकीट एकत्र घेतलं की स्वस्त पडतं, हे सगळं खरं. पण नाइट सफारी अंधार पडल्यावरच सुरू होते, आणि तिथं बारा महिने सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे चार वर्षांच्या ओमला तू सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत उन्हात, दमट हवेत चालवणार. आठ वाजता तो रडायला लागेल, सई त्याच्यावर चिडेल, तू सईवर, आणि प्रसादराव कुणावरच चिडता येत नाही म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालतील. वाघ बिचारा बाजूलाच राहील. एका दिवशी एकच जागा धर. झू पुरे, किंवा दुपारभर झोप काढून नुसती नाइट सफारी. माझं मत विचारशील तर सफारीच, कारण तिथं ट्रॅममध्ये बसून बघता येतं.

आणि घड्याळाचा विचार तू केलेलाच नाहीस. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. मुलं बेंगळुरूत सातला उठतात, तेव्हा तिथं साडेनऊ वाजलेले असतात. तू तक्त्यात रोज आठला नाश्ता लिहिलायस, म्हणजे ओमच्या अंगातल्या घड्याळानं साडेपाच. चारपाच दिवसांसाठी त्याला मारूनमुटकून बदलायचं कशाला? रात्री तिथले साडेअकरा झाले तरी त्याला नऊच वाटणार, तो टक्क जागा असेल. तेव्हा सकाळ सैल सोड, दहाच्या आधी बाहेर पडायचं नाही. मधली दुपार हॉटेलात, पोहायच्या तलावावर, कारण वळवाचा पाऊस तिथं वर्षभर कधीही गाठतो. खरा दिवस संध्याकाळी पाचनंतर. गार्डन्स बाय द बेमधल्या त्या उंच लोखंडी झाडांवर रोज रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा खेळ असतो, फुकट. तक्त्यात तो मला सापडला नाही. तिकिटाच्या जागा तेवढ्या सापडल्या.

पहिला दिवस तर मी पेनानं उभाच कापला. रात्रीचं विमान, पहाटे चांगीला उतरायचं, खोली मिळणार दुपारी, आणि तू त्याच दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओ घातलायस! बेंगळुरूहून थेट विमानाला साडेचार तासांच्या आसपास लागतात, दिवसाचं विमान मिळतंय का बघ. चार पैसे जास्त जाऊ देत. नाहीच मिळालं तर तो दिवस रिकामा ठेव. विमानतळाला लागूनच ज्यूएल आहे, त्यातला 40 मीटरचा धबधबा बघत बसू. (आपला गोकाकचा 52 मीटर आहे, आणि घटप्रभेला श्रावणात पाणी सोडायला बटण दाबावं लागत नाही. तरी बघू.)

युनिव्हर्सलबद्दल आणखी एक. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, ओम बराचसा वेळ खालीच उभा राहणार. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं असं कुणी सांगितलंय? त्या दिवशी तुम्ही दोघं सईला घेऊन जा, ओमला आम्ही बोटॅनिक गार्डनला नेतो. 1859 मधली बाग आहे, 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आत जायला पैसे नाहीत. तिथं मुलांसाठी वेगळी बाग आहे, त्यात मोठ्या माणसाला लहान मूल सोबत असल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणजे आज्जाला आत जायचं तर ओमचाच वशिला लागणार. तुझ्या आईलाही ते बरं. तिला शहापूरच्या बाजारात दोन तास उभं राहता येतं, रांगेत दहा मिनिटं नाही.

टॅक्सीचा जो आकडा धरलायस तो निम्मा कर. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, जाऊ. बँकेचं टॅप करायचं कार्ड गेटवर चालतं, फक्त माणशी एक वेगळं लागतं. 90 सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट. आपल्याकडं वयावरून कंडक्टरशी भांडण, तिथं उंचीवरून. पण ओम एवढ्यात त्या रेषेच्या वर गेलाय, त्याला सात वर्षांच्या आतल्या मुलांचं कार्ड मिळतं का ते स्टेशनवर पासपोर्ट दाखवून विचार. आणि गाडीत, स्टेशनात खाणंपिणं सक्त मना आहे, दंड 500 डॉलरपर्यंत. पाण्याची बाटली गळ्यात अडकवून फिरणाऱ्या आपल्या पोरांना हे आधीच सांगून ठेव.

जेवणाची धास्ती तुझ्या आईला आहे, मला नाही. सेरंगून रोडवर लिटल इंडियात कोमला विलास 1947 पासून आहे, शाकाहारी, डोसा-भात मिळतो. त्याच भागात टेक्का सेंटर आहे, खाली बाजार आणि खाण्याचे गाळे. जेवल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, तसा नियमच आहे. सईला हे काम दे, घरी ताट उचलत नाही ती तिथं उचलेल. नळाचं पाणी पिता येतं.

आता महत्त्वाचं. तुझ्या आईनं अनारशाचं पीठ भिजवायचं मनात आणलंय. तिला फोन करून तू सांग, माझं ऐकत नाही. सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. खसखस लावलेले अनारसे, लाडू, मसाल्याची पुडी, काहीही बॅगेत नको. चिवडा आणि मेतकूट न्या. खोकल्याच्या औषधात कोडीन असलं तर त्यालाही आधी परवानगी लागते, तेव्हा ओमची औषधं डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच भर.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, सईचा तू ओमच्या जन्माआधी काढलेला. जायच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक लागतात, आजच बघ. व्हिसा मान्यताप्राप्त एजंटाकडूनच. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते सरकारी साइटवर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर ती साइट खोटी.

तारखा दसऱ्याच्या सुट्टीतल्याच ठेव. गणपतीत मी बेळगाव सोडणार नाही, हे तुला सांगायला नको. आम्ही आदल्या दिवशी बेंगळुरूला येतो. वंदे भारतला पहाटे उठायचं म्हणून तुझी आई कुरकुरते, तेव्हा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनंच, झोपून.

तू विचारलंस, अप्पा, तुम्हाला काय बघायचंय? मला डबल डेकर बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसून एक रूट या टोकापासून त्या टोकापर्यंत करायचाय. आणि तिथं चार राजभाषा आहेत, इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ. चारही एका पाटीवर, खाली कुणी डांबर फासलेलं नाही. आपल्या भागात पाटीवरून गाड्या सीमेवर अडकून पडलेल्या मी किती बघितल्या, तुला माहीत आहे. तसली एक पाटी मला उभं राहून वाचायची आहे, तिच्यासमोर फोटो काढायला घाई करू नका.

दुरुस्त केलेला तक्ता सोबत पाठवतोय. लाल पेनाचं रद्द, निळ्याचं ठेवायचं. तिकिटं काढण्याआधी फोन कर, पण दोन ते चारमध्ये नको. जावईबापूंना नमस्कार, सई-ओमला गोड पापा.

तुझा,
अप्पा