चौघांनी उचललेली बाज: मावशींना एक पत्र

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, चहा टाकता आणि आमचीच विचारपूस करून आम्हाला परत पाठवता. शिवाय तुम्ही जे केलंत ते इतर मंडळ्यांमधल्या, म्हणजे इतर चर्चमधल्या, लोकांनाही कळावं असं आम्हा दोघींना मनापासून वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे. माझ्या ज्या मैत्रिणीसाठी तुम्ही हे केलंत तिचं नाव लिहीत नाही. बाकी काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे तिने स्वतः वाचून ठरवलं आहे.

तुमची गाठ पडली तेव्हा तिचा त्रास सुरू होऊन बरेच महिने झाले होते. नगर रोडला बस सिग्नलवर अडकली की छातीत धडधड, हाताला मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आता आपण मरणार अशी खात्री. ईसीजी नॉर्मल आला, थायरॉइडही नॉर्मल. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून तिला घरी पाठवलं गेलं. त्याने ती जास्तच घाबरली, कारण तिला होत होतं ते खरंच होत होतं. आधी बस सुटली, मग ऑफिस, मग चर्च.

चर्च सुटलं ते नुसत्या गर्दीमुळे नाही. आधी ती जिथे जायची तिथल्या लोकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली नाही असं नाही, फार केली. पण प्रार्थना संपली की प्रश्न सुरू व्हायचे. विश्वास कमी पडतोय का? काही कबूल करायचं राहिलंय का? एकदा सगळे तिच्याभोवती उभे राहिले, डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले, आणि तिला तिथेच तो घाबरण्याचा झटका, पॅनिक अटॅक, आला. वाईट मनाने कुणीच काही केलं नव्हतं. पण ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन तिला इतक्यांदा ऐकवलं गेलं होतं की पवित्र शास्त्र उघडायचीच तिला भीती वाटू लागली होती.

तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत ते आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर, दाराला लागून. मी तिला कसंबसं आणलं होतं. दुसरं गीत चालू असताना ती उठून बाहेर गेली आणि तुम्ही मागोमाग आलात. पायरीवर तिच्या शेजारी बसलात. काय झालं, असं विचारलं नाहीत. थोडा वेळ गेल्यावर म्हणालात, ‘देवाजवळ तुझ्यासाठी काय मागू?’ ती म्हणाली, ‘घरी पोचेपर्यंत मला काही होऊ नये.’ तुम्ही तेवढंच मागितलंत. ‘प्रभू, हिला घरी नीट पोचव. वाटेत हिच्याजवळ राहा. आमेन.’ डोळे उघडे, आवाज नेहमीचा, हात तुमच्या स्वतःच्या मांडीवर. तिचं आयुष्य बदलून टाक, भीतीचा आत्मा घालव, असं काही नाही. रिक्षात ती मला म्हणाली, ‘मी जे मागितलं तेच त्यांनी मागितलं गं.’ तिच्या आवाजात मला कित्येक दिवसांनी आश्चर्य ऐकू आलं.

मग तुम्ही तिच्या खोलीवर येऊ लागलात. तुम्ही मिरजेच्या हॉस्पिटलात शिकलेल्या नर्स, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या मिशन हॉस्पिटलचं नाव माझी आजी आदराने घ्यायची, त्यामुळे मला तेव्हाच धीर आला. आल्या आल्या तुम्ही विचारायचात, ‘झोप लागली का? काय खाल्लंस?’ पवित्र शास्त्र नंतर. एकदा तिने विचारलं की माझा विश्वास खरा असता तर मला मरावंसं वाटलं असतं का? तेव्हा तुम्ही राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढलात. रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणणारा संदेष्टा एलीया. देवदूत आला तो रागवायला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली, ‘ऊठ, खा’ म्हणाला, आणि खाऊन एलीया पुन्हा झोपला तर झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून परत खायलाच घातलं. वाचून झाल्यावर तुम्ही पिशवीतून डबा काढलात. ज्वारीची भाकरी आणि मुगाची पातळ डाळ. ती अर्धी भाकरी जेवली, आणि त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं धड जेवण होतं.

त्याच दिवशी तुम्ही तिला सरळ विचारलंत, मरावंसं वाटतं म्हणजे तसं काही करायचा विचार येतो का? मी दचकले होते. ती मात्र रडून मोकळी झाली, कारण ते विचारण्याची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. जाताना तुम्ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलात. रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, हे समजावून सांगितलंत. आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे तुम्ही स्वतः आमच्याबरोबर आलात.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं आणि तुम्ही पुन्हा पुन्हा सांगितलंत. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती तुम्ही लावलेली सवय. जेवणाआधी आपण करतो तशीच गोळीआधी उपकारस्तुती. ‘प्रभू, ही गोळी शोधणाऱ्यांसाठी आणि देणाऱ्यांसाठी तुझे उपकार.’ गोळी घेतली म्हणजे देवावर भरवसा नाही, ही टोचणी तिच्या मनात खोल रुतली होती. ती वाद घालून निघाली नसती. ती त्या एका ओळीने हळूहळू निघाली.

आणि ते ‘चिंताक्रांत होऊ नका’ वचन. ते तुम्ही टाळलं नाहीत. ते ज्यात आहे ते फिलिप्पैकरांस पत्र प्रेषित पौलाने बेड्यांत असताना लिहिलं, हे तुम्ही आधी सांगितलंत. मग करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय उघडून दाखवलात. फटके, तारू फुटणं, उपासमार हे सगळं सांगून झाल्यावर तोच पौल लिहितो की सर्व मंडळ्यांची चिंता मला रोज असते. ‘त्यालाही होती बाळा,’ तुम्ही म्हणालात. ‘त्याने ती कुठे न्यायची ते लिहिलंय. तुझ्यावर गुन्हा नाही लावलेला.’ त्यानंतर तिने फिलिप्पैकरांस पत्राचा तो चौथा अध्याय स्वतः वाचला, पुढच्या वचनापर्यंत, जिथे शांती राखण करते असं म्हटलं आहे. तोवर तिला कुणी तिथपर्यंत वाचूच दिलं नव्हतं.

रात्री अटॅक आला की काय करायचं तेही तुम्हीच शिकवलंत. श्वास घेताना मनात ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’, आणि सोडायचा तो घेण्यापेक्षा सावकाश. ही प्रार्थना पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये शेकडो वर्षं चालत आली आहे, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दमात सांगितल्यात. धडधड शिगेला पोचते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरू लागते. तोवर तिच्याबरोबर मोठ्याने म्हणत राहा, एवढंच माझं काम. अंधारात आम्ही दोघी ते म्हणत बसायचो.

आता माझ्याबद्दल. त्या दिवसांत सगळे तिची चौकशी करायचे. ‘तू कशी आहेस?’ हे मला फक्त तुम्ही विचारलंत. मी रोज रात्री जागी राहते हे कळल्यावर तुम्ही मार्ककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सांगितलात, छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाची बाज येशूपुढे खाली सोडणाऱ्यांचा. ‘वाहून आणणारे चौघे होते,’ तुम्ही म्हणालात, ‘एकटीने बाज उचलायला तुला कुणी सांगितलंय?’ आणि तिला विचारून तुम्ही खरंच चौघं जमवलेत. तिचा भाऊ शनिवार-रविवार यायचा. गायकवृंदातली एक ताई तिच्याबरोबर बसने एकेक थांबा पुढे जायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. जेवण आणि औषधं तुमच्याकडे. माझ्याकडे रात्री, पण मंगळवार-बुधवार सोडून. त्या दोन रात्री मी स्वतःच्या घरी झोपले. मावशी, त्या झोपेसाठी मी तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. ती मिळाली नसती तर मी तिला सोडून पळाले असते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. महिला संघाच्या प्रार्थना सभेत कुणीतरी विचारलं, ‘त्या मुलीचं नेमकं काय आहे, म्हणजे नावानिशी प्रार्थना करता येईल.’ तुम्ही म्हणालात, ‘देवाला नाव ठाऊक आहे,’ आणि पुढची विनंती घेतलीत. प्रार्थनेच्या निमित्ताने माणसाची खासगी गोष्ट या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्या ग्रुपवर कशी जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिची गेली नाही. म्हणूनच ती आपल्या चर्चला परत येऊ शकली.

देवाने कसं बरं केलं अशी सगळ्यांपुढे साक्ष द्यायलाही तुम्ही तिला कधी उभं केलं नाहीत. ती पूर्ण बरी झालेली नाही. गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. पण ऑफिसला ती बसने जाते, आणि हल्ली मधल्या बाकावर बसते. सगळं मिटल्यावर पत्र लिहू असं मी आधी ठरवलं होतं. तीच म्हणाली, त्या चिंतेच्या वचनात मागणी आणि आभार एकाच वेळी करायला सांगितलेत, मग थांबायचं कशाला?

तर आभारांबरोबर मागणीही लिहिते. पुढच्या महिन्यात डॉक्टर डोस थोडा कमी करून पाहणार आहेत. तिला धास्ती वाटते आहे, आणि मलाही. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे येतो आहोत, तेव्हा प्रार्थना करू या. ती म्हणते आहे, या वेळी स्वयंपाक तुम्ही करायचा नाही.

ख्रिस्तात तुमची,
मंडळीतली एक मुलगी