संस्थेचे डोमेन संस्थेच्याच नावावर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान संस्थांचे हिशेब तपासणे हे माझे रोजचे काम. वाचनालये, क्रीडा मंडळे, माजी विद्यार्थी संघ, एखादा छोटा ट्रस्ट. यांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पंखे, कपाटे, खुर्च्या, बंद पडलेला प्रिंटरसुद्धा नोंदलेला असतो. पण ज्या पत्त्यावर देणगीदार पोहोचतात, सभासद अर्ज भरतात, ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, त्यात कुठेच नसते. ते सापडते एखाद्या व्हाउचरवर: ‘वेबसाइट खर्च – डोमेन, होस्टिंग व देखभाल’, एकत्र रक्कम, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावाने. डोमेनचा खर्च या तिघांत सर्वांत कमी, म्हणूनच बहुधा त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, असे मी प्रत्येक ठिकाणी विचारते. ‘आपल्याच. दरवर्षी पैसे आपणच भरतो ना,’ हे ठरलेले उत्तर. पण पैसे कोणाच्या खात्यातून गेले, याच्याशी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीला, कर्तव्य नसते. नोंदणीत ज्याचे नाव, तो डोमेनधारक. आणि खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्या हातात ताबा. संस्थेकडे यातले काहीच नसेल, तर जमवलेल्या पावत्या वाद घालायला उपयोगी पडतील, डोमेन चालवायला नाही.

एका संस्थेच्या सचिवांना मी समोर बसूनच शोध घ्यायला लावला. डोमेन व्यवस्थेवर जगभर देखरेख करणारी आयकॅन ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्या लुकअप पानावर कोणतेही डोमेन टाकून पाहता येते. खासगी माहितीविषयीचे नियम २०१८ पासून कडक झाल्यामुळे धारकाचे नाव बहुधा झाकलेले असते. पण रजिस्ट्रार कोण, नोंदणी कधीची, मुदत कधी संपते, हे दिसतेच. सचिव वाचत गेले आणि मध्येच थांबले. रजिस्ट्रार कंपनीचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. त्यांनी खजिनदारांना फोन लावला, खजिनदारांनी आधीच्या सचिवांकडे बोट दाखवले, त्यांनी वेबसाइट करून देणाऱ्या तरुणाकडे. तो केव्हाच परदेशी नोकरीला गेलेला. सगळ्या ग्राहकांची डोमेन त्याने स्वतःच्याच खात्यात घेतली होती. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. त्याने मनापासून मदत केली म्हणून ते डोमेन वाचले. तो भला माणूस निघाला, हे त्या संस्थेचे नशीब. संस्थेचा कारभार अशा नशिबावर चालू नये.

मुदत संपल्यावर काय होते, हे कार्यकारिणीतल्या फार थोड्यांना माहीत असते. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि सुमारे आठवडाभर आधी स्मरणपत्र पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. नूतनीकरण झाले नाही, तर मुदत उलटल्यावर ५ दिवसांत आणखी एक. ही पत्रे कोणाकडे जातात? नोंदणीत ज्याचा ईमेल असेल त्याच्याकडे. तो परदेशी गेलेल्या तरुणाचा असेल तर संस्थेला पत्ताच नाही. आणि कित्येक ठिकाणी मी पाहिले आहे की नोंदणीतला ईमेल त्याच डोमेनवरचा असतो! डोमेन बंद झाले की तो ईमेलही बंद, म्हणजे ज्या पत्राची सर्वांत जास्त गरज, तेच पोहोचत नाही. नोंदणीतला ईमेल वेगळ्या सेवेवरचा हवा, आणि तो एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांना उघडता यायला हवा.

मुदत उलटल्यानंतर काही काळ नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करता येते, पण ही सवलत किती दिवसांची हे रजिस्ट्रारवर अवलंबून असते. जास्तीत जास्त ४५ दिवस. बरेच रजिस्ट्रार या काळातच डोमेन लिलावात काढतात. डोमेन रद्द झाले तरी पुढचे ३० दिवस जुन्या धारकाला ते सोडवून घेता येते, मात्र जबर शुल्क भरून. नंतरचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते सर्वांसाठी खुले होते. जुन्या, लोकांच्या ओळखीच्या डोमेनवर नजर ठेवून बसलेल्यांचे प्रोग्राम ते क्षणात उचलतात. डॉट इनसारख्या देशांच्या नावाच्या डोमेनचे नियम निराळे असतात, ते त्या त्या नोंदणी संस्थेकडे पाहावेत.

संस्थेच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या की सगळे हळहळतात. मला त्याहून धोकादायक वाटतो तो ईमेल. डोमेन ज्याच्या हाती गेले, तो त्यावरचा कोणताही ईमेल पत्ता नव्याने सुरू करू शकतो. मग सभासद जुन्या सवयीने जे पाठवतील, ते सगळे त्याच्याकडे. त्या पत्त्यावर उघडलेली इतर खाती ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून त्याला आपलीशी करता येतात, देणग्यांचे खातेसुद्धा. वेबसाइट पुन्हा करून घेता येते, सभासदांची माहिती मात्र एकदा गेली की गेली.

हे फक्त लहानांचेच होते असेही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण राहून गेले. त्यांच्या हॉटमेल या ईमेल सेवेचे लॉगिन त्याच डोमेनवरून होत असल्याने हॉटमेल उघडताना लोकांची अडचण होऊ लागली. मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. लहान संस्थेसाठी असा कोणी धावून येत नाही. डोमेन दुसऱ्याच्या हाती गेल्यास तक्रारीची सोय आहे, १९९९ पासून त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. पण तिथे आपल्या ट्रेडमार्कशी साम्य, समोरच्याचा हक्क नसणे आणि नोंदणी व वापर दोन्हींमागे वाईट हेतू, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. ज्या तरुणाने संस्थेच्याच सांगण्यावरून नोंदणी केली, त्याचा हेतू वाईट होता असे कसे दाखवणार?

व्हाउचर तपासताना आणखी एक प्रकार आढळतो. ‘आपल्या डोमेनची मुदत संपत आहे, त्वरित भरणा करावा’ अशी बिलासारखी दिसणारी पत्रे येतात आणि खजिनदार प्रामाणिकपणे पैसे भरून मोकळे होतात. पत्र पाठवणारी कंपनी त्यांची रजिस्ट्रार नसतेच. आपला रजिस्ट्रार कोण हे संस्थेच्या दप्तरात लिहिलेले असते, तर असे बिल पहिल्याच टेबलावर अडले असते.

म्हणून माझी सर्व संस्थांना कळकळीची विनंती आहे. येत्या बैठकीत ठराव करा की डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच खात्यात राहील. त्या खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा, जसे फोनवरचा कोड) असावी आणि दोन पदाधिकाऱ्यांना ते उघडता यावे. पदाधिकारी बदलले की पासवर्ड व फोन नंबर त्याच आठवड्यात बदलावेत. रजिस्ट्रारचे नाव आणि मुदतीची तारीख डेडस्टॉकमध्ये नोंदवा. डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर आत्ताच मागून घ्या. डोमेन हलू न देणारे खात्यातले कुलूप काढायचे, हस्तांतरणाचा कोड घ्यायचा आणि नव्या रजिस्ट्रारकडे द्यायचा, एवढेच काम असते. धारकाने कोड मागितला की रजिस्ट्रारने तो ५ दिवसांत द्यावा, असा नियम आहे. मात्र नव्या नोंदणीनंतर किंवा एकदा हस्तांतरण झाल्यावर साधारण ६० दिवस पुन्हा रजिस्ट्रार बदलता येत नाही, तेव्हा हे काम मुदतीच्या तोंडावर काढू नये.

वेबसाइट करून देणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. सोय म्हणून ग्राहकांची डोमेन आपल्या खात्यात ठेवली असतील, तर ती मागण्याची वाट पाहू नका. त्यांच्या नावावर करून द्या आणि देखभालीचे काम खुशाल आपल्याकडे ठेवा. माझ्या व्यवसायातील मंडळींनी ‘वेबसाइट खर्च’ दिसला की डोमेनधारकाचा पुरावा मागावा, आणि तो मिळाला नाही तर अहवालात तसा शेरा मारावा. मी या वर्षापासून मारू लागले आहे.

आपली,
एक हिशेब तपासनीस