रुग्णालयांतील संशोधनात वॉर्डातील कर्मचाऱ्यांनाही वाटा हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता असे एक तरी महाविद्यालय झाले, याचा आनंद या भागातील प्रत्येकाला झाला असेल. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूर गाठेपर्यंत रुग्ण वाटेतच दगावल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या महाविद्यालयांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खाटा, जागा आणि प्राध्यापकांची रिक्त पदे यांविषयी आपल्या वृत्तपत्रात सातत्याने छापून येते आणि ते यायलाच हवे. मी मात्र फारशी चर्चा न होणाऱ्या एका विषयासाठी हे पत्र लिहीत आहे. तो विषय म्हणजे या रुग्णालयांतून होणारे संशोधन आणि त्यात परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अभिलेख कक्षातील लिपिक अशा कर्मचाऱ्यांना असलेले, किंबहुना नसलेले, स्थान. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांत एकतीस वर्षे आधी परिचारिका आणि नंतर परिसेविका म्हणून सेवा करून मी निवृत्त झाले आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव आधी सांगते. मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की आमच्या वॉर्डात सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागत. कुणाच्या पायाला करकचून दोरी बांधलेली असे, कुणाला आधी मारुतीच्या पारावर नेऊन कडुनिंबाचा पाला खाऊ घातलेला असे. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ते ओळखण्यासाठी जगभर एक साधी चाचणी करतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या, नव्या नळीत शिरेतले दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे असे समजून सर्पविषावरची लस सुरू करायची. एका रात्रपाळीत एका तरुण शेतमजुराचे रक्त वाहिले, परंतु त्याच्या पायाला ना सूज होती ना कुठून रक्तस्राव. मला शंका आली म्हणून डॉक्टरांना सांगून मी खोक्यातली कोरी नळी काढली व चाचणी पुन्हा केली, तेव्हा रक्त व्यवस्थित गोठले. पहाटे चौकशी केल्यावर कळले, की नळ्यांचा तुटवडा असल्यामुळे आमचे वॉर्डबॉय मामा वापरलेल्या नळ्या धुण्याच्या पावडरीने लख्ख धुऊन, पालथ्या घालून वाळवीत आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवीत. त्यांनी ते काटकसरीच्या चांगल्या हेतूनेच केले होते. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याला चालना मिळते आणि पावडरीचा अंश राहिला की ती मिळत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. खाटेचा क्रमांक, साप चावल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, नळी नवी की धुतलेली, वीस मिनिटांनी काय दिसले आणि लस दिली की नाही, एवढेच रकाने. रुग्णाचे नाव मी त्यात कधी लिहिले नाही. दोन पावसाळ्यांत दोनशे पानी वही भरत आली आणि तिच्या आधारावर आमच्या वॉर्डात सर्पदंशाच्या ट्रेमध्ये फक्त कोऱ्या नळ्या ठेवण्याचा नियम झाला. ही लस काही निरुपद्रवी नसते. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते, तिची तीव्र प्रतिक्रिया येऊन रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो, आणि सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागत असल्याने ज्याला गरज नाही त्याला ती दिली तर पुढच्या खऱ्या रुग्णासाठी कपाट रिकामे होते. पुढे एका निवासी डॉक्टरांनी प्रबंधासाठी ती वही मागून घेतली. ते उत्तीर्ण होऊन गेले, वही परत आली नाही आणि त्या नोंदींचे काय झाले हे मला आजतागायत कळलेले नाही. मी त्यांना दोष देत नाही, कारण सलग छत्तीस तास जागून काम करणाऱ्या त्या मुलाचे हाल मी पाहिले होते. दोष आहे तो परिचारिकेच्या वहीला कुठलीच जागा न ठेवणाऱ्या पद्धतीत.

धुतलेल्या नळीचा दोष जगाला आधीच माहीत होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्पदंशाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही तसा इशारा आहे, मग माझ्या वहीत नवे ते काय, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे नेमके तेच आहे. पुस्तकात काय लिहिले आहे आणि आपल्या वॉर्डात रात्री दोन वाजता काय घडते, यांतले अंतर मोजणे हेही संशोधनच आहे, आणि आमच्यासारख्या भागाला त्याची गरज अधिक आहे. ते अंतर राऊंडच्या वेळी दिसत नाही. ते चोवीस तास वॉर्डात असणाऱ्यांना दिसते.

आज पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो, म्हणजे आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी ढिगाने संशोधन होते असे कागदावर दिसते. त्यातले अनेक प्रबंध मन लावून केलेले असतात, हे मी पाहिले आहे. परंतु परीक्षा झाली की बहुतेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातात आणि ज्या वॉर्डातून ती माहिती घेतली, त्या वॉर्डाला त्याचा निष्कर्ष कुणी सांगत नाही. शिवाय ही माहिती येते कुठून, तर केसपेपरवरून. साप किती वाजता चावला, विषारी औषध प्यायलेल्या माणसाला कुठल्या दवाखान्यातून पाठवले, बाळंतिणीला कळा कधीपासून होत्या, हे रकाने कोरे राहिले तर पुढे वर्षभराने कुणी कितीही मोठे संख्याशास्त्र लावले तरी त्यातून सत्य निघणार नाही. लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून हवा तो केसपेपर पाच मिनिटांत काढून देणारे एक लिपिक आमच्याकडे होते. वाळवीपासून ते गठ्ठे वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या पैशाने औषध आणलेले मी पाहिले आहे. त्यांनी जपलेल्या कागदांवर किती प्रबंध उभे राहिले असतील याची गणती नाही, आणि त्यांचे नाव त्यांपैकी एकावरही असेल असे मला वाटत नाही. कोरे रकाने संध्याकाळी बसून अंदाजाने भरण्याचा प्रकारही माझ्या पाहण्यात आहे. तो गुन्हा आहे, असे मी स्पष्टपणे म्हणते.

रुग्णाच्या खाटेशेजारी बसून केलेल्या नोंदीतून काय साधते, याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांची नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडत जाणारे हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी कसे भरते हे त्यांनी मांडले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. महाडमध्ये केवळ ७० रुग्णांवर केलेली त्यांची तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रात मोठी यंत्रे नव्हती, पण नोंद करण्याची शिस्त होती. ही शिस्त परिचारिकांच्या प्रशिक्षणातच असते. आम्ही ज्यांच्या नावाने शपथ घेतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून सैन्याच्या रुग्णालयांत सुधारणा घडवली, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. परिचारिका दिनी त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो, त्यांच्या तक्त्यांचा उल्लेख मी आमच्या एकाही कार्यक्रमात ऐकला नाही.

दुसरे उदाहरण मराठवाड्याच्या भूमीवरचेच आहे. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक फार मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया होत्या. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या, आणि गावोगावी प्रत्यक्ष तपासणीसाठी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांचे हात लागले. हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. आपल्या भूम-परंड्याकडच्या बायकांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्याचबरोबर, तुलनेच्या गटातील हजारो स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, असा गंभीर आक्षेप पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी घेतला, आणि तो मला झटकून टाकावासा वाटत नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील तिशी-चाळिशीच्या स्त्रियांपैकी सुमारे दोन टक्क्यांचीच ही तपासणी कधी तरी झालेली आहे. ज्यांच्या शरीरांवरून ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ते पोहोचायला इतका उशीर व्हावा, हे मनाला लागते.

संमतीचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण अंगठा घेताना शाईचा पॅड बहुधा परिचारिकेच्याच हातात असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि निरक्षर रुग्णाच्या बाबतीत निष्पक्ष साक्षीदार लागतो. प्रत्यक्षात मराठी माहितीपत्रकात ‘यादृच्छिक पद्धतीने विभाजन’ असे छापलेले असते आणि समोर हाताला सलाइन लावलेली, तांड्यावरून आलेली बाई असते, जिच्या घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. ‘चिठ्ठी टाकून ठरवणार आहोत, या औषधाच्या गटात जाल की त्या, हे डॉक्टरांच्याही हातात नाही, आणि नको म्हणालात तरी तुमचा उपचार थांबणार नाही,’ असे मी सांगत असे, तेव्हा काही बाया नको म्हणत आणि बऱ्याच जणी हो म्हणत. त्या होकाराला अर्थ असे. एका वृद्ध आजींनी तपासणीसाठी पुन्हा आल्यावर मला विचारले होते, ‘सिस्टर, माझं रगत नेलं व्हतं, त्याचं काय निघालं?’ त्या अभ्यासाचा निष्कर्ष ना मला कुणी कळवला होता, ना त्यांना.

परिचारिकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, एकेका पाळीत पन्नास-साठ रुग्ण एकीच्या अंगावर असतात, त्यात हे संशोधन कुठून आणायचे, असा प्रश्न माझ्याच सहकारी भगिनी विचारतील, आणि तो रास्त आहे. म्हणून माझी मागणी आणखी एका रजिस्टरची नाही. ज्या वॉर्डात अभ्यास चालू आहे, तिथल्या एका परिचारिकेला आठवड्यातून अर्धा दिवस ड्युटीतूनच त्यासाठी मोकळा द्यावा. महाविद्यालयाच्या संशोधन पद्धतीच्या कार्यशाळांत तंत्रज्ञ व अभिलेख लिपिक यांनाही बसू द्यावे. जिने माहिती गोळा केली तिचे नाव लेखकांत यावे, ‘वॉर्डातील सर्व कर्मचारी’ या आभाराच्या ओळीत ते विरून जाऊ नये. प्रबंध मंजूर झाला की त्याचा एक पानी मराठी सारांश त्या वॉर्डाच्या फलकावर लागावा. याला वेगळा निधी लागत नाही, अधिष्ठात्यांचा एक आदेश पुरतो.

आणखी एक गोष्ट नव्या महाविद्यालयांच्या हातात आत्ताच आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतील निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सदस्य वैद्यक क्षेत्राशी संबंध नसलेला सामान्य नागरिक. या जागेवर ओळखीतला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ न बसवता खेड्यातली एखादी निवृत्त शिक्षिका किंवा बचत गट चालवणारी बाई नेमावी, बैठकीची कागदपत्रे तिला आठवडाभर आधी मराठीत द्यावीत आणि प्रत्येक संमतीपत्र बैठकीत तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. तिला जे वाक्य कळणार नाही, ते तिथेच बदलावे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिसेविका,
जि. परभणी